प्राग, एकटीनं: सांगलीच्या गावभागातल्या बाईचा प्रामाणिक रिव्ह्यू

आधीच सांगते, प्रागला मी 5 पैकी साडेचार देणारे. अर्धा मार्क कापलाय तो जुन्या चौकातल्या खाण्यापिण्याच्या दुकानांचा आणि पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांचा, शहराचा त्यात काही दोष नाही. आणि हा रिव्ह्यू खास आपल्या सांगली मिरज साताऱ्याकडच्या त्या बायकांसाठी आहे ज्या मला आल्यापासून विचारतायत की अगं एकटीनं जमलं कसं, भाषा येत नाही, कोण ओळखीचं नाही. जमतं. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा लावणाऱ्या, शाकाहारी बाईला जमलं म्हणजे कुणालाही जमतं.

लेक ड्रेस्डेनला शिकते, तिच्याकडे गेलेले. तिचं सबमिशन तोंडावर, म्हणाली आई तू इथं खोलीत बसून माझ्याकडं बघत बसण्यापेक्षा प्रागला जाऊन ये, ट्रेननं अडीच तास पण लागत नाहीत. व्हिसा जर्मनीचा असला तरी शेंगेन असल्यामुळं चालतो, चेक रिपब्लिक 2007 पासून शेंगेनमध्ये आहे, बॉर्डर कधी गेली ते डब्यात कळत पण नाही. फोनवर आमचे हे म्हणाले, "एकटी नको, एखादा ग्रुप बघ". ग्रुप बघितला पण होता मी इथून निघायच्या आधीच, एका टूरवाल्याच्या कागदावर प्राग होतं, पण कसं, तर दुपारी बसनं पोचायचं, घड्याळ बघायचं, पुलावर फोटो, किल्ला बाहेरून, रात्री भारतीय जेवण आणि सकाळी व्हिएन्नाकडं रवाना. 'बाहेरून' हा प्रकार त्या कागदावर इतक्या वेळा होता की मी म्हटलं मग घरी बसून फोटोच बघते की. तर प्रागबद्दल माझं एकच म्हणणं आहे, ह्या गावातल्या सगळ्यात भारी गोष्टी एकतर फुकट आहेत नाहीतर ट्रामच्या तिकिटात होतात, फक्त त्या सकाळी लवकर किंवा सावकाश बघाव्या लागतात आणि ग्रुपला नेमकं हेच दोन्ही जमत नाही.

प्रवासाच्या सोयीला पूर्ण 5. मेट्रोच्या तीन लाइन आहेत, ए बी सी, हिरवी पिवळी लाल, आणि जिथं मेट्रो नाही तिथं ट्राम. तिकीट एकच, मेट्रो ट्राम बस सगळ्याला तेच, मिनिटांच्या हिशोबानं मिळतं नाहीतर 24 तासांचा किंवा 72 तासांचा पास घ्यायचा. मी 72 वाला घेतला आणि डोक्याचा ताप संपला, चुकीच्या ट्राममध्ये चढलं तरी उतरून उलट्या दिशेची पकडायची, जास्तीचा एक पैसा नाही. मेट्रोला आत जाताना दारं बिरं काही नसतात, कोणी अडवत नाही, पण म्हणून मोकळं समजू नका, कागदी तिकीट पहिल्यांदा वापरताना पिवळ्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचाच, साध्या कपड्यातले चेकर एकदम बिल्ला काढून समोर उभे राहतात आणि शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. माझ्यासमोर दोन पोरांना धरलं, गयावया केली त्यांनी, काही उपयोग नाही.

मी राहिले विनोह्राडी म्हणून भाग आहे तिथं, नामेस्ती मिरु स्टेशनजवळ. ह्या स्टेशनचा सरकता जिना 87 मीटर लांब आहे, युरोपियन युनियनमधला सगळ्यात लांब. खाली टोक दिसत नाही. आणि स्पीड आपल्या मॉलमधल्या जिन्यापेक्षा बराच जास्त, पट्टा धरल्याशिवाय पाय टाकायची सोय नाही. पहिल्या दिवशी मी वर उभी राहून चार माणसं जाऊ दिली, मग एक आजी हातात पिशवी आणि कुत्रं घेऊन बिनधास्त चढल्या, म्हटलं ह्यांना जमतंय तर चला. दोन मिनिटांच्या वर वेळ जातो नुसतं खाली उतरायला, लोक पुस्तक वाचत उभे असतात. उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची, हे पाळा नाहीतर मागून काहीतरी ऐकू येतं आणि ते चेकमध्ये असलं तरी सूर कळतोच.

आता पूल. चार्ल्स ब्रिज, त्यांच्या भाषेत कारलूव मोस्त. 1357 साली चौथ्या चार्ल्स राजानं पायाभरणी केली, 516 मीटर लांब, 16 कमानी, वर दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे. दुपारी गेलात तर पूल दिसतच नाही, माणसंच दिसतात, त्यात चित्रं काढणारे, मॅग्नेट विकणारे, आणि गाइडच्या छत्रीमागं पळणारे घोळके. सकाळी सहाला जा. मी गेले तेव्हा एक झाडूवाला, एक धावणारा माणूस आणि प्री-वेडिंग शूटची दोन जोडपी, ती तिथं पण सुटली नाहीत, नवरी थंडीनं काकडतीय आणि फोटोग्राफर म्हणतोय हसा. पुतळ्यांपैकी बरेचसे आता नकला आहेत, मूळचे म्युझियममध्ये हलवलेत, पण सगळ्यात जुना पुतळा सेंट जॉन नेपोमुकचा, 1683 चा. ह्या बिचाऱ्याला 1393 मध्ये राजाच्या हुकुमावरून ह्याच पुलावरून नदीत टाकलं, आणि आता त्याच्या चौथऱ्यावरच्या पितळी चित्राला हात लावला की नशीब उघडतं म्हणून लोक रांग लावतात, तेवढाच भाग घासून घासून सोन्यासारखा चकचकीत आणि बाकीचा काळाकुट्ट. मी पण लावला हात. फुकट नशीब कोण सोडतंय.

पण मला पुलावर खरं काय आवडलं ते वर नाही, खाली आहे. आणि हे कुठल्याच ग्रुपला दाखवत नसतील. जुन्या शहराच्या बाजूच्या टोकाला उभं राहून खाली नदीच्या दगडी भिंतीत नीट बघा, एका दाढीवाल्या माणसाचं दगडी तोंड कोरलेलं आहे. त्याला ब्राडाच म्हणतात. ह्याच्या आधी इथं युडिथचा पूल होता, तो 1342 च्या पुरानं नेला, त्या जुन्या पुलावरचं हे तोंड असं सांगतात. आणि शेकडो वर्षं गाव ह्या तोंडाकडं बघून पुराचा अंदाज घ्यायचं, पाणी दाढीला लागलं की नदीकाठच्यांनी सामान हलवायचं, नाकातोंडापर्यंत आलं की रस्त्यात पाणी, आणि टक्कल बुडालं की पाणी मोठ्या चौकात, असं ते गणित.

हे वाचून मी तिथंच फोन लावला घरी. म्हटलं, "अहो, इथंपण आयर्विन आहे". आयर्विन म्हणजे आमचा सांगलीचा कृष्णेवरचा पूल. कारण ऑगस्ट महिना आला की आपल्या गावात दुसरा विषय असतो का, दूधवाला, रिक्षावाला, देवळातले गुरुजी, सगळे एकच विचारतात, आयर्विनला किती झालं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गावभागातल्या घराचा खालचा मजला गेला, धान्य माडीवर, देव माडीवर, आणि आम्ही माडीवरून होडीत. आयर्विन पूल 1929 चा, म्हणजे आमचा पूल शंभरीत पण नाही, आणि हे लोक सहासातशे वर्षं हेच करतायत. बाकीचे टुरिस्ट पुतळ्यांचे फोटो काढत होते आणि मी आपली कठड्यावरून वाकून दाढी कुठवर कोरडी आहे ते बघत होते.

मग त्याच नादात पूल ओलांडून पलीकडं कांपा नावाचं बेट आहे तिथं गेले, तिथं घराच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा करून ठेवल्यात सालांसकट, आणि 2002 ची खूण सगळ्यात वर. ऑगस्ट 2002 ला प्रागला फार मोठा पूर आला होता, मेट्रोच्या बोगद्यात पाणी शिरून कितीतरी स्टेशनं बंद पडली होती, प्राणिसंग्रहालय बुडालं, तिथला गॅस्टन नावाचा सी लायन वाहून प्रागच्या व्लतावा नदीतून एल्बे नदीत आणि एल्बेतून थेट जर्मनीत पोचला, पकडला तेव्हा जिवंत होता पण नंतर गेला बिचारा. तेव्हा जुनं शहर वाचलं ते काठावर उभ्या केलेल्या भिंतीमुळं, म्हणजे कायमची भिंत नाही, जमिनीत खाचा केलेल्या असतात, पाणी यायच्या आधी खांब रोवून त्यात धातूच्या फळ्या बसवायच्या, पूर ओसरला की काढून गोदामात. कांपा आणि करलीनला तेव्हा अशी सोय झालेली नव्हती, ते भाग बुडाले, मग तिथंपण केली, आणि 2013 च्या पुरात तिचा उपयोग झाला. काठानं चालताना ह्या खाचांवरची झाकणं पायाखाली येतात, मी उकिडवी बसून हातानं चाचपून बघितली, पोलिसाला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. आमच्या नगरसेवकांना दाखवायला फोटो काढलाय, ते बघतील असं नाही पण काढलाय. पुलाला आणि नदीला 5 पैकी 6 असेल तर 6.

घड्याळ. ह्यावर लोकांची खूप निराशा होते म्हणून नीट सांगते. ओरलोय म्हणतात त्याला, जुन्या चौकातल्या टाउन हॉलच्या भिंतीवर, 1410 चं घड्याळ आणि अजून चालू. दर तासाला सकाळी 9 पासून रात्री 11 पर्यंत वर दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा प्रेषित एकामागं एक डोकावून जातात, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो, संपलं. मिनिटभराचा पण खेळ नाही आणि त्यासाठी शेकडो माणसं अर्धा तास आधीपासून मोबाइल वर करून उभी. तो आरवणारा कोंबडा ऐकून शेजारचा एक गुजराती काका म्हणाला, बस इतना ही? तर शोला 2 मार्क. पण घड्याळाला 5, कारण खरी मजा ती तबकडी वाचण्यात आहे आणि ती वाचायला गर्दी गेल्यावर पंधरा मिनिटं समोर नुसतं उभं राहायचं.

आपल्याला हे घड्याळ इतरांपेक्षा लवकर कळतं असं माझं मत आहे, कारण ते पंचांग आहे. आतल्या छोट्या कड्यावर बारा राशींची चिन्हं, सूर्याचा काटा आज कुठल्या राशीत ते दाखवतो, चंद्राचा गोळा अर्धा काळा अर्धा चांदीचा आणि तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत 1 ते 24, तो जुना बोहेमियन वेळ, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा म्हणून हे कडं रोज थोडं थोडं सरकतं. आणि मधे ज्या वाकड्या सोनेरी रेघा आहेत त्या सूर्योदय ते सूर्यास्ताचे बारा भाग, म्हणजे उन्हाळ्यात तास मोठा, हिवाळ्यात बारका. चौघडिया बघून दुकान उघडणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे समजवायला गाइड लागत नाही. खाली दुसरी तबकडी आहे ती महिन्यांची, योसेफ मानेसनं रंगवलेली, शेतीची बारा महिन्यांची कामं, पेरणी कापणी द्राक्षं सगळं आहे त्यात, द्राक्षाच्या चित्रापाशी मी जरा जास्त थांबले, तासगावचं माहेर ना. घड्याळ बनवणाऱ्या कारागिराचे डोळे काढले अशी एक गोष्ट प्रत्येक गाइड रंगवून सांगतो, ती नुसती दंतकथा आहे, आणि गोष्टीत ज्याचं नाव घेतात त्यानं हे घड्याळ मुळात बनवलंच नव्हतं, बनवणारा मिकुलाश काडान्यचा.

त्याच चौकात टाउन हॉलच्या पुढ्यात जमिनीवर पांढऱ्या दगडाचे 27 क्रॉस आहेत, त्यावरून लोक आइस्क्रीम खात चालत असतात. 1621 मध्ये बंड मोडल्यावर 27 जणांना तिथं जाहीर मारलं. आणि ते बंड सुरू कुठून झालं तर किल्ल्यातल्या एका खिडकीतून.

किल्ल्याला चढून जाऊ नका हे माझं गुडघ्यांच्या वतीनं सांगणं. 22 नंबरची ट्राम पकडा, किल्ल्याच्या स्टॉपला किंवा पुढं पोहोर्शेलेत्सला उतरा, सगळं बघा आणि मग उतारानं खाली या. आवारात जायला पैसे नाहीत, फक्त सिक्युरिटी, तिकीट लागतं ते आतल्या इमारतींना आणि ते दोन दिवस चालतं, म्हणजे पाय दुखले की परत यायचं उरलेलं बघायला. सत्तर हजार चौरस मीटरचा पसारा आहे, जुन्या किल्ल्यांमध्ये जगात सगळ्यात मोठा म्हणून गिनीजमध्ये नोंद. आपण अजिंक्यतारा प्रतापगड बघितलेली माणसं, आपल्याला किल्ला म्हटलं की बुरूज तटबंदी चोरवाटा लागतात, तसलं इथं फारसं नाही, राजवाडे चर्च आणि चौक आहेत, राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस पण तिथंच. मधोमध सेंट व्हिटस कॅथेड्रल, काम सुरू 1344 ला आणि पूर्ण 1929 ला. वाचून हसू आलं, ज्या वर्षी ह्यांचं चर्च पूर्ण त्याच वर्षी आमचा आयर्विन उघडला. आत गेल्यावर डाव्या बाजूच्या खिडक्यांमध्ये अल्फोन्स मुखा ह्या चेक चित्रकाराची रंगीत काच आहे, तिच्यावर ऊन असताना बघा, आणि पुढं त्या नदीत टाकलेल्या नेपोमुकची चांदीची समाधी, जवळपास दोन टन चांदी. सोन्याचांदीच्या बाबतीत आपण एकटेच हौशी नाही हे बघून बरं वाटलं.

ती खिडकी जुन्या राजवाड्यात आहे. 23 मे 1618, प्रोटेस्टंट सरदार आत घुसले आणि बादशहाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या कारकुनाला खिडकीबाहेर फेकलं, वीसेक मीटर खाली, आणि तिघंही वाचले! कॅथलिक म्हणाले मेरीनं झेललं, दुसरे म्हणाले खाली शेणाचा ढीग होता. ह्याच्यातनं तीस वर्षांचं युद्ध पेटलं, 1648 पर्यंत चाललं आणि अर्धा युरोप होरपळला. टकमक टोकाच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी, मला खिडकी इतकी साधी दिसेल असं वाटलं नव्हतं, चार काचा आणि बाहेर बाग, पाटी नसती तर पुढं गेले असते. त्याच्या शेजारचा व्लादिस्लाव हॉल मात्र सोडू नका, त्यात घोड्यावर बसून भाल्याचे खेळ व्हायचे, घोडे वर चढवायला वेगळा रुंद उतरता जिना आहे आणि तो अजून तसाच आहे. गोल्डन लेन, म्हणजे बारक्या बारक्या रंगीत घरांची गल्ली, तिथं 22 नंबरात लेखक काफ्का काही काळ लिहायला बसायचा, आता तिथं दुकान आहे. गल्ली गोड आहे पण श्वास घ्यायला जागा नाही, 3 मार्क.

योसेफोव, ज्यू लोकांचा जुना भाग, शनिवारी बंद असतो, हे आधी बघून प्लॅन करा, दारावर येऊन परत फिरणारी खूप माणसं बघितली. तिकीट महाग वाटतं पण द्या. जुन्या कब्रस्तानात जागा वाढवता येत नव्हती म्हणून मातीचे थर टाकून एकावर एक दफन करत गेले, दगड एकमेकांना टेकून वाकडेतिकडे उभे, सगळ्यात जुना 1439 चा. आणि पिंकास सिनेगॉगच्या आतल्या भिंती. तिथं नुसती नावं आहेत, नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातल्या जवळपास 80 हजार ज्यूंची, हातानं लिहिलेली, आडनाव लाल, नाव आणि तारखा काळ्या, छतापर्यंत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत, फुलपाखरं, घरं, पलंग. ह्याला मार्क देत नाही मी. तिथून निघून दुसरं काही लगेच बघायला घेऊ नका एवढंच.

खाणं. शाकाहारी माणसाचे हाल होतात असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. स्माझेनी सीर म्हणून मिळतं, चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्ब लावून तळलेला, बरोबर बटाटे आणि टार्टार सॉस, कुठल्याही साध्या खानावळीत असतं आणि पोट दुपारपासून रात्रीपर्यंत भरलेलं. बटाट्याचं सूप ब्रांबोराचका, मशरूम आणि मार्जोरम घातलेलं, थंडीत फार छान, पण विचारून घ्या, कधीकधी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, मी फोनवर चेकमध्ये वाक्य लिहून ठेवलं होतं तेच दाखवायची. फळं भरलेले गोड क्नेडलीकी मिळाले तर सोडू नका, वर पनीरासारखं काहीतरी आणि साखर. एक दिवस भाताची आठवण फारच झाली तेव्हा भारतीय शाकाहारी जेवणाच्या ठिकाणी गेले, तिथं ताट वाढून घ्यायचं आणि काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणं पैसे, डाळीत मीठ कमी पण गरम होती. उरलेलं काम भडंगानं केलं, घरून नेलेलं, माझ्या पेन्शनच्या, म्हणजे मी उतरलेल्या छोट्या लॉजच्या, बाईंना पण दिलं, लसणीच्या चटणीवाला घास घेऊन त्यांचा चेहरा लाल झाला तरी वाटी परत पुढं केली.

बिअरवाल्यांची पंढरी आहे ती, पिल्सनर बिअर ह्याच देशातल्या प्लझेन गावची, पण मी कोफोला प्यायले. 1960 च्या सुमारास कम्युनिस्ट काळात बाहेरचा कोला मिळत नव्हता म्हणून ह्यांनी स्वतःचा काढला, जडीबुटीचा अर्क असतो त्यात, गोड कमी, नळातून ग्लासात भरून देतात. पहिला घोट नाही आवडला, दुसऱ्या दिवशी मीच मागितला. वेटर टेबलावर एक कागदाची पट्टी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासला त्यावर पेनानं एक रेघ मारतो, शेवटी रेघा मोजून बिल. माझ्या पट्टीवर एक रेघ, शेजारच्या टेबलावरच्या दोन आजोबांच्या पट्टीवर कुंपण.

आता तो कापलेला अर्धा मार्क. जुन्या चौकात आणि पुलाच्या रस्त्यावर खाऊ नका. एका ठिकाणी टेबलावर आधीच ठेवलेल्या ब्रेडच्या टोपलीचे पैसे बिलात लावले, वर सर्व्हिस वेगळी, नाव घेत नाही कारण तसल्या दहा आहेत. दोन गल्ल्या आत गेलं की तेच जेवण निम्म्यात. ट्रडेलनिक, ते निखाऱ्यावर फिरवलेलं साखर लावलेलं पोकळ रोल, 'जुना चेक पदार्थ' म्हणून पाट्या असतात, पण तो खरा स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचा, प्रागला टुरिस्टांसाठी आलेला. गरम असताना बरा लागतो, आइस्क्रीम भरून घेऊ नका, सगळं कोपरापर्यंत ओघळतं. 2 मार्क.

आणि पैसे. युरो चालत नाही तिथं, कोरुना. एक कोरुना म्हणजे ढोबळमानानं चारेक रुपये. कार्ड सगळीकडं चालतं, ट्राममध्ये सुद्धा, त्यामुळं रोख थोडीच काढा. एटीएम विचारतं की तुमच्या करन्सीत बदलून देऊ का, नाही म्हणा, तो रेट वाईटच असतो. 'कमिशन 0' लिहिलेल्या खिडक्यांवर कमिशन नसतं पण रेटमध्येच सगळं काढून घेतात. फसलात तर 2019 पासून कायदा आहे, पावती घेऊन तीन तासांच्या आत गेलात तर व्यवहार रद्द करून द्यावा लागतो, माझ्या पेन्शनमधल्या एका केरळी मुलानं हे करून दाखवलं, खिडकीतला माणूस कुरकुरला पण दिले पैसे.

नाटकवाल्या सांगलीकरांसाठी एक वेगळी ओळ. एस्टेट्स थिएटर 1783 चं, मोझार्टचा डॉन जोव्हानी हा ऑपेरा पहिल्यांदा तिथंच झाला, 29 ऑक्टोबर 1787, स्वतः मोझार्ट पुढं उभा. आपल्याकडं विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर 1843 चं, आणि ते झालं ती जागा दाखवायला म्हटलं तर आपण चार माणसांना विचारत फिरू. त्यांचं थिएटर जिथल्या तिथं, चालू, निळ्या मखमलीच्या खुर्च्या. मी सगळ्यात वरच्या गॅलरीचं स्वस्तातलं तिकीट काढलं, स्टेजचा डावा कोपरा दिसत नाही पण आवाज पूर्ण येतो, वर पट्टीवर इंग्लिशमध्ये शब्द येतात. नांदी नाही, सरळ वादन सुरू, आणि मध्यंतरात बटाटेवडा नाही, एवढीच उणीव.

वेन्सेस्लास चौक पटकन होतो, 1968 चे रशियन रणगाडे आणि 1989 ची क्रांती दोन्ही तिथंच, आणि मधेच बाटाचं मोठं काचेचं दुकान, 1929 चं. बाटा चेक आहे हे मी आमच्या ह्यांना सांगितलं तर विश्वास बसेना, म्हणाले बाटा आपलंच. जावा मोटरसायकल पण प्रागचीच म्हटल्यावर गप्प झाले, कारण त्यांची लग्नातली येझ्दी अजून मागच्या अंगणात झाकून ठेवलीय आणि तिचं मूळ गाव मी बघून आले, ते नाही.

राहायचं म्हणाल तर माझ्या पेन्शनला 3. खोली स्वच्छ, बाई मायाळू, पण लिफ्ट नाही हे बुकिंगच्या पानावर कुठंच लिहिलं नव्हतं आणि चौथा मजला. तुम्ही बुक करताना लिफ्ट आहे का हे मेसेज करून विचाराच. चपला सँडल नकोत, रस्ते सगळे दगडगोट्यांचे, स्पोर्ट्स शूजच. रात्री दहाला एकटी ट्रामनं आले रोज, कुणी वळून बघितलं नाही, पाकीट मात्र गर्दीत पुढच्या बाजूला ठेवा, घड्याळाखाली हात मारणारे फिरतात. दुकानात शिरताना दोब्री देन म्हटलं की समोरचा माणूस अर्धा तरी हसतो, न म्हणता थेट हे कितीला विचारलं तर नाही हसत.

ड्रेस्डेनहून ट्रेननं येणार असाल तर डाव्या खिडकीची सीट घ्या, परत जाताना उजवी. सगळा रस्ता नदीच्या काठानं आहे, आधी एल्बे मग व्लतावा, आणि दुसऱ्या बाजूला बसलात तर अडीच तास नुसते डोंगराचे कातळ आणि मालगाड्या.